सलामी वाजवायची का ओवी

लासूर स्टेशन
१० नोव्हेंबर २०२५

चि. तनुजास, कडूबाचा आशीर्वाद. वि. वि.

काल तुझ्या शाळंतून मी तसाच उठून आलो, त्याचा राग धरू नको. पोरांसमोर मास्तरांनी भांडू नाय. फोनचं म्हणशील तर उभी हयात ढोलाच्या पुढं क्लॅरोनेट फुंकण्यात गेली, कान बसले. फोनवर तू बोलती अन् मला कढईत मोहरी तडतडल्यागत ऐकू येतं. म्हणून लिहितो. आपला गोकुळ रोज शहरात ये-जा करतो, त्याच्या हाती देतो.

शाळंच्या पन्नासाव्या वर्षाला तुझी पोरं अन् आमच्या बंद पडलेल्या बँडातले म्हातारे एका जागी वाजवणार, हे तू झ्याक काढलं. पण काय वाजवायचं यावर जो घोळ घालू राहिली, तो मला पटत नाय. ह्याला जमंल का, त्याला झेपंल का. अगं, बँड म्हणजे काय पंगत हाय, ज्याला त्याला विचारून वाढायला? मास्तर सांगंल ते वाजतं. मी बँड चालवला तो असाच.

आपण सलामी वाजवायची. वरात निघायच्या आधी नवरदेवापुढं आम्ही वाजवायचो ती. वहाबचा ट्रंपेट एकटा वर चढतो, बाकीचे दम धरून उभे, मग सगळे मिळून तुटून पडतात. वहाबची सलामी ऐकायला लोक दुसऱ्याच्या लग्नाला घुसायचे. तीच घ्यायची. विषय संपला.

तुझी मोठीआई वच्छलाबाई म्हणती, पोरगी वाळली. डबा खात जा. माया कमी करू नको, घोळ कमी कर.

तुझा मोठेबाबा
कडूबा

मुकुंदवाडी
१३ नोव्हेंबर

ती. मोठेबाबांना तनुजाचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गोकुळदादानं स्टेशनवर असं हातात दिलं की मला वाटलं कोर्टाची नोटीस आली.

मोठेबाबा, तुम्ही ज्याला घोळ म्हणता ते माझं काम आहे हो. ही पोरं वाजवायला लागून अजून दोन वर्षं झाली नाहीत. क्लॅरोनेटवाल्यांना खालचे सूर येतात, वर गेलं की चिं निघतं. ट्रंपेटवाल्यांचे ओठ कच्चे आहेत, चार ओळी वाजवल्या की तोंड वाकडं होतं. गाणं निवडताना मी सगळ्यात पक्क्या पोराकडं नाही, सगळ्यात कच्च्या पोराकडं बघते. त्याला पेललं की सगळ्यांना पेलतं. आणि ज्याच्या त्याच्या आई-बापाला आपलं पोर वाजवताना ऐकायचं असतं. सलामीत वहाबचाचा वर चढणार आणि माझी पोरं खाली उभी राहून माश्या मारणार.

मी एक ठरवलंय. मोठीआई पीठ चाळताना गुणगुणते ना, ती जात्यावरची ओवी. सूर पाच-सहाच, चाल संथ, श्वास घ्यायला जागा. आधी बासरीवाली पोरं, मग क्लॅरोनेट, मग सगळे. पोरांच्या आया इथं शेंद्र्याला कंपनीत जात असल्या तरी सगळ्या खेड्यातून आलेल्या. पहिल्याच ओळीला ओळखतील.

रागावला असाल तर मोठीआईकडून एक चहा जास्त घ्या, आणि शांत डोक्यानं दोन ओळी लिहा.

आपली
तनुजा

लासूर स्टेशन
१७ नोव्हेंबर

चि. तनुजास आशीर्वाद.

चहा घेतला. डोकं काय शांत झालं नाय.

ओवीवर बँड! लोक हसतील. तुझी मोठीआई मात्र तुझ्या बाजूनं झाली, सकाळपासून मुद्दाम मोठ्यानं गुणगुणू राहिली. मला ऐकू येत नाय ते बरंय.

आता खरं सांगतो, कोणाला बोलू नको. मला शाळंचं काय पडलेलं नाय. मला वहाबचं पडलंय. लग्नात डीजे आला अन् आमचा बँड बसला. बन्सीनं रसवंती टाकली, रामकिसन पोराकडं पुण्याला गेला. वहाब औरंगपुऱ्यात पोराच्या, फरदीनच्या, दुकानात बसतो. पोरगा चांगला हाय, बापाला खुर्ची देतो, पंखा लावून देतो. पण वहाब आपल्याच पोराच्या दुकानात पाहुण्यासारखा बसतो गं. त्याची घरवाली, अनवरी वहिनी, मला म्हणाली की भाईजान, हे दिवसाकाठी चारच शब्द बोलतात, अन् त्यातला एक चहा असतो. ज्या माणसानं तालुका नाचवला त्याची ही गत.

म्हणून एकदा, फक्त एकदा, त्यानं लोकांसमोर उभं राहून वाजवावं. अन् वाजवावं तर सलामीच. दुसरं कायतरी मिळमिळीत देऊन त्याचा अपमान नाय करायचा. मी त्याला सांगितलं. जी मास्तर म्हणाला.

पोरांना जड जात असंल तर शिकव. पगार कशाचा घेती?

आठवण ठेवून राहा.
कडूबा

मुकुंदवाडी
१ डिसेंबर

ती. मोठेबाबांना कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी ओवी बाजूला ठेवली. वहाबचाचांसाठी असेल तर सलामी तर सलामी. पोरांसाठी खालचे भाग सोपे करून लिहिले. क्लॅरोनेटवाले तेच ते तीन सूर वाजवून कंटाळले आहेत. एकीनं मला विचारलं, की मॅडम, आम्ही यात कुठं आहोत? मी तिला गप्प बसवलं, मग मलाच कसंतरी झालं.

पण ज्यांच्यासाठी एवढं चाललंय तेच दिसत नाहीत. दोन रविवार झाले, वहाबचाचा आले नाहीत. तुम्ही आलात, बन्सीकाका रसवंती बंद ठेवून आले. चाचांनी पहिल्या वेळी निरोप दिला की डोळे आलेत, आणि कालचा निरोप की पैठणला कोणाचं लग्न आहे. ट्रंपेटची जागा मोकळी ठेवून आम्ही बाकीचं वाजवतो. नवरदेवाशिवाय वरात काढल्यासारखं वाटतं.

मुख्याध्यापक बाईंनी कार्यक्रमाची तारीख पक्की केली, २४ जानेवारी, शनिवार. तुम्ही एकदा चाचांना विचारा ना. तुमच्यापाशी बोलतील.

आपली
तनुजा

लासूर स्टेशन
४ डिसेंबर

चि. तनुजास आशीर्वाद.

मी काहून विचारू? त्याला सगळं कळतंय. डोळे आले म्हणे! गोकुळनं त्याला परवा दुकानात बसून पेपर वाचताना पाहिलं, बिनचष्म्याचा. अन् पैठणला लग्न असतं तर मला बोलावणं नसतं का?

मला समजलं काय ते. साहेबाला शाळंच्या लेकरांबरोबर उभं राहायची लाज वाटू राहिली. एवढा मोठा वाजवणारा, अन् शेजारी सातवीतलं पोरगं नाक पुसतंय. मी त्याच्यासाठी तुझ्याशी भांडलो, या वयात पॅसेंजरचे धक्के खात रविवारचं मुकुंदवाडीला उतरू राहिलो, अन् हा पेपर वाचतोय. यायचं तर ये म्हणावं, नाय तर बस पंख्याखाली. मी औरंगपुऱ्याची पायरी चढणार नाय.

बाकी ठीक. तुझी मोठीआई माझ्याशी बोलत नाय. म्हणती, आधी माणसाला भेटावं, मग तोंड सोडावं. बायकांना काय कळतं बँडातलं.

तुझ्यावर राग नाय.
कडूबा

मुकुंदवाडी
९ डिसेंबर

ती. मोठेबाबांना कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचा, आणि वाचून झाल्यावर ओरडू नका.

तुम्ही पायरी चढणार नाही म्हणालात, म्हणून मी चढले. काल शाळा सुटल्यावर औरंगपुऱ्यात गेले. चाचा दुकानात होते, मला बघून उठून उभेच राहिले. डोळे चांगले होते. मला त्यांनी वर घरी पाठवलं आणि स्वतः मात्र आले नाहीत. अनवरीचाचींनी चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत सगळं सांगितलं.

मोठेबाबा, चाचांचे पुढचे दात पावसाळ्यात पडले. वर कवळी आहे. ट्रंपेट ओठाला दाबला की कवळी हलते, वरचा सूर फुटतो. तुम्ही सलामी सांगितल्या दिवसापासून ते रोज दुपारी गच्चीवर जाऊन वाजवून बघायचे. एकदा रुमालाला रक्त लागलेलं चाचींनी धुताना पाहिलं, तेव्हा त्यांनीच ट्रंपेट उचलून कपाटावर टाकला. तेव्हापासून ते चार शब्दही बोलत नाहीत.

मी विचारलं, मग मोठेबाबांना सांगितलं का नाही? चाची म्हणाल्या, तेच तर. त्या चाचांना म्हणाल्या होत्या की मास्तरला साफ सांगून टाका. तर ते म्हणाले, मास्तरनं सांगितलं अन् मी नाय म्हणालो असं आजवर झालं नाय, आता दात पडले म्हणून कसं म्हणू.

लाज वाटली ती पोरांची नाही हो. तुमची वाटली.

तुम्ही वाईट केलं असं मी म्हणत नाही. तुम्ही सगळं त्यांच्यासाठीच केलं. पण आपण दोघांनी गाणं निवडलं ते चाचा पूर्वी कसे वाजवायचे ते बघून. आज त्यांना काय झेपतं, हे तुम्हीही विचारलं नाही आणि मीही नाही. माझ्या कच्च्या पोरांसाठी मी एवढा घोळ घालते, आणि चाचांसाठी घातला नाही.

आता काय करायचं ते तुम्ही सांगा. चाचांना माहीत नाही मी हे लिहिलंय.

आपली
तनुजा

लासूर स्टेशन
१५ डिसेंबर

चि. तनुजास आशीर्वाद.

ओरडलो नाय. तुझ्या मोठीआईला विचार.

काल रविवार असून तुझ्याकडं आलो नाय, थेट औरंगपुऱ्यात गेलो. फरदीननं खुर्ची दिली, मी म्हणालो खुर्ची ठेव, बापाला वर पाठव. दातांचं मी काय काढलं नाय. माणसाच्या तोंडातलं त्याचं त्यानं सांगावं. मी एवढंच विचारलं की वहाब, तनुजाच्या शाळंत आपण काय वाजवायचं?

त्यानं मागं वळून दाराकडं पाहिलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून. मी परत विचारलं. मला धीर धरवत नाय तुला माहीत हाय, पण दाबून बसलो, अनवरी वहिनीनं दिलेली अख्खी बशी खारी संपवली. शेवटी त्यानं खिशातून कवळी बांधलेला रुमाल काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, मास्तर, हे असंय. मी म्हणालो, असंय तर असंय, वाजवायचं काय ते बोल.

मग तो बोलला. म्हणाला रामकिसनचा मोठा बाजा तुमच्याकडं पडून असंल तर तो द्या. त्याचं तोंड रुंद, दात लागत नाय, खालचे सूर नुसत्या फुंकरीवर निघतात. कळा तीनच, बोटं तीच. मी म्हणालो, अरे पण मोठ्या बाज्याला चाल नसते, नुसतं खालून धरून राहायचं, लोकांना कळायचं बी नाय तू हायेस म्हणून. तर म्हणाला, लोकांना नाय कळलं तर नाय कळू दे, लेकरांना कळंल.

बाजा खाटंखाली पोत्यात होता. गोकुळ घेऊन जातो. सलामी नको. ओवी काढ.

तुझी मोठीआई माझ्याशी बोलायला लागली, तेवढं एक नुकसान.

कडूबा

मुकुंदवाडी
५ जानेवारी २०२६

ती. मोठेबाबांना कृ. सा. न. वि. वि.

काल तुम्ही लवकर गाडीला गेलात, पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. चाचा थांबले. पोरं घाबरली की लय पळवतात, चाल हातातून सुटते, हे मी महिनाभर ओरडून सांगत होते. चाचांनी नुसता खालचा सा धरला, लांब, आणि मान हलवली. पोरं त्याच्यावर येऊन बसली, झाडावर पाखरं बसावीत तशी. जिनं विचारलं होतं की आम्ही यात कुठं आहोत, तिला आता पहिली ओळ एकटीला आहे. तिच्या खाली चाचा.

जाताना चाचा मला म्हणाले की बेटा, दुसऱ्या ओळीनंतर श्वासाला जागा कमी पडते, लेकरांना अन् मलाही. मी तिथं एक मात्रा वाढवली. तुम्हाला न विचारता वाढवली, तेव्हा रविवारी गोंधळू नका.

आणि क्लॅरोनेटवर तुमचाही वरचा सूर चिं करतो. माझ्या पोरांनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं.

आपली
तनुजा

लासूर स्टेशन
२६ जानेवारी

चि. तनुजास कडूबाचा आशीर्वाद.

कार्यक्रम झाला. मी परवा काय बोललो नाय, कारण स्टेजवरून उतरताना सगळे एकदम बोलू राहिले होते अन् मला कोणाचंच ऐकू येईना. आता लिहितो. ओवी लागली. पहिल्या ओळीला पुढच्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या, तिसऱ्याला गुणगुणू लागल्या, मला त्यांचे ओठ दिसत होते. टाळ्या पोरांना पडल्या. वहाब मागच्या रांगेत बाजा मांडीवर घेऊन बसला होता, त्याला कोणी पाहिलं नाय. एका अनवरी वहिनीनं पाहिलं, अन् मी. घामानं निथळत होता अन् हसत होता, बिनदाताचा. कवळी खिशात.

काल त्याच्याकडं गेलो. दुकानात गिऱ्हाईक उभं अन् हा त्याला सांगू राहिला की सौदा मागून कर भाऊ, आमच्या शाळंचा बँड ऐकला का. आमच्या शाळंचा! फरदीन म्हणाला, चाचा, आता यांना गप्प कसं करायचं ते सांगा.

वर चहा पिताना मी वहाबला म्हणालो, तुझी आता पोरांवर पकड बसली. पुढल्या साली त्या ट्रंपेटवाल्या पोरांकडून सलामी वाजवून घेऊ. मी ठरवलंय.

तर वहाब म्हणाला, नाय मास्तर.

मला वाटलं माझ्या कानाचा दोष. परत म्हणालो. तर त्यानं माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्यानं सांगितलं की नाय, पोरांचे ओठ अजून कच्चे हायेत, दोन वर्षं तरी नाय, तोवर तुमच्या मनात काय बी असू द्या. अनवरी वहिनीच्या हातातली बशी तशीच राहिली. मला राग आला. कप ठेवून उठलो. जिन्यापर्यंत गेलो. मग मागं वळून पाहिलं तर वहाब काय घाबरलेला दिसंना. बाज्याला कापड फिरवत बसला होता, जसं काय झालंच नाय. मग परत येऊन बसलो. चहा निवला होता. वहिनीनं दुसरा दिला.

तर आता पुढल्या साली काय वाजवायचं ते तू अन् वहाब बसून ठरवा. मला बी बोलवा. मी बोलणार नाय, बसंन नुसता. मोठीआईनं तुझ्यासाठी मेथीचे लाडू दिलेत, चार वहाबकडं पोचव. त्याला म्हणावं, मऊ केलेत.

माणूस चुकतो, माया चुकवू नको.
तुझा मोठेबाबा
कडूबा