प्रस्थान ठेवलेली सॅक

अहो,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, घर आवरून झालं, आणि आज सकाळपासून मला एका जागी बसवेना. म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. लिहितानाही दोनदा उठून दाराशी जाऊन आले. समोरचं दार शबानाभाभींचं, आणि त्या दाराआड वर्षभर आपल्या दोन्ही सॅक पडून आहेत.

आठवतं ना? व्हिएतनामचं विमान शुक्रवारचं. मी म्हटलं, शुक्रवार काही चांगला नाही, सोमवारी प्रस्थान ठेवू. निघायच्या सामानातलं काहीतरी चांगल्या दिवशी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास सुरू झाला. तुम्ही केवढे हसलात! "विमानवाल्यांना कळवलास का तुझा मुहूर्त?" पण ठेवायची वेळ आली तेव्हा रीतीपुरती नुसती सुपारी नाही, भरलेल्या दोन्ही सॅक उचलून भाभींकडे ठेवून आलात. आणि बुधवारी सकाळी, चहा उकळत असताना, स्वतः मात्र काहीच न घेता निघून गेलात. ही कुठली रीत हो?

त्या सॅकपायी किती छळलंत मला! विमानात सोबत न्यायला सात किलोच चालतात म्हणून पंचवटीच्या भाजीबाजारात नेऊन माझी सॅक मेथीवाल्या मावशींच्या काट्याला टांगलीत.

"काय भरलंय काका, दगडं? नऊ किलो हाय!" मावशी ओरडल्या, आणि सगळा बाजार बघायला लागला. तुम्ही तिथल्या तिथे माझी जाड साडी आणि चिवड्याचा डबा बाहेर काढलात. साडी थेट मेथीच्या जुड्यांवर! मला तोंड लपवायला जागा नव्हती.

नवे बूट पायात मुरावेत म्हणून ते घालून मला स्वयंपाक करायला लावलात. पासपोर्टची माझी प्रत तुमच्या सॅकमध्ये, तुमची माझ्या सॅकमध्ये. लवकर वाळणारे कपडे, मेतकूट, कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी. आणि वर रोजचा उपदेश, "आपली सॅक आपणच उचलायची, सुमन. मी हात लावणार नाही." शब्द फारच खरा केलात!

आज दुपारी भाभींकडे गेले. म्हटलं, सॅक द्या, घरी नेते, कपडे कुणाला तरी देऊन टाकते. एकदाचा हा विषय संपू दे. भाभी जागच्या हलल्या नाहीत.

"नाही देणार दीदी. प्रस्थानचं सामान आहे ना? फिरून आल्याशिवाय घरी न्यायचं नाही, भाईसाहबच बोलले होते. ईदला घर भरलं होतं, तरी मी हलवलं नाही."

"अहो भाभी, ते चेष्टेत म्हणाले असतील."

"ते चेष्टेत बोलले असतील. मी तर खरंच सांभाळलं ना!"

तरातरा घरी आले. राग भाभींचा नव्हता, तुमचा होता. मला भीती वाटते हो. आपल्या इथला द्वारका चौक ओलांडतानाही मी तुमची बाही धरायची. तिकडे व्हिएतनामात म्हणे स्कूटरचे लोंढे असतात. कुणाची बाही धरू? आणि नाही गेले, तर रोज दार उघडलं की समोर तेच बंद दार! तेही आता सोसवत नाही.

संध्याकाळी पुन्हा गेले. तुमची सॅक पाठीवर घेऊन पाहिली. पट्टे तुमच्या मापाचे, पार कमरेखाली लोंबायला लागली. भाभींनी मागून पट्टे आवळले आणि म्हणाल्या, "आता बसली." मग तिथेच फतकल मारून तुमचे कपडे काढले, माझ्या सॅकमधले माझे भरले. तुमचा निळा शर्ट राहू दिला. वजनात बसतो. तिथे मला रडू आलं, ते भाभींनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

घरी येऊन व्हिसाचा अर्ज भरला. तिकीट एकच काढलं. बूट घालूनच हे लिहितेय.

माझा शब्द घ्या. तुमची सॅक घरी यायची तर तिला आधी फिरून यावं लागेल, हे मला आता कळलंय. मी तिला फिरवून आणीन, आणि माझ्या पाठीवरून आपल्या दारातून आत घेईन. या वेळी मुहूर्त बघणार नाही. प्रस्थान तुम्ही ठेवून गेलाच आहात.

तुमचीच,
सुमन