पाच नंबरचं बटण

रविवार, २ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. मोठ्या वादकांची धडपड पुढे कुणाला कळत नाही, कारण ते लिहून ठेवत नाहीत. ती चूक मी करणार नाही. वही कुणालाही दाखवायची नाही, हेही ठरलं.

सरावात आज बाईंनी विषय काढला. बाई आमच्या बँडच्या गायिका. शाळेत गणित शिकवतात, गातानाही मोजत असतात. म्हणाल्या, नदीच्या गाण्यात कीबोर्डचा आवाज बासरीवरून पियानोवर आणताना तुमचे तीन सेकंद जातात. मी म्हटलं, तो पॉज आहे. बाई म्हणाल्या, पॉज मी घेते, तुम्ही नुसते थांबता. ड्रमरचं टायरचं दुकान आहे, त्याच्याच मागच्या खोलीत आम्ही वाजवतो. तो म्हणाला, तेवढ्या वेळात माझं एक पंक्चर काढून होतं. बेसवाला हसला. तो महिन्यातून एकदा हसतो. फेब्रुवारीचं आज संपलं.

या लोकांना कीबोर्ड कळत नाही. बासरी चौऱ्याहत्तर नंबरला आहे, पियानो एक नंबरला. एवढा प्रवास म्हटल्यावर वेळ लागणारच.

संकल्प: बावीस तारखेला इस्पितळाच्या कर्मचाऱ्यांच्या संमेलनात वाजवायचं आहे. तोपर्यंत आवाज असा बदलेन की बदलला हे आवाजालाही कळणार नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाई म्हणाल्या, इस्पितळातले दंतवैद्य चांगला कीबोर्ड वाजवतात, म्हणे. बावीसला गाणं मध्येच थांबलं, तर मार्चपासून त्यांना विचारू. वर म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, फक्त कानावर घातलं.

मी लावून घेतलेलं नाही. दंतवैद्य काय वाजवणार? त्याचा हात उपटण्याचा.

बारा वर्षं झाली या बँडला. पहिला सराव माझ्या घरी झाला होता, हे बाई विसरल्या. असो.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून एक तास फक्त आवाज बदलणे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी, पहाटे ५.००

गजर झाला.

५.०२: गजराचा आवाज लगेच ओळखला. कीबोर्डवर पंधरा नंबरला आहे. म्हणजे कान तयार आहे. कान तयार असल्यावर बोटांनी घाई करू नये.

८.१०: ऑफिसला उशीर. सरावामुळे हे व्हायचंच.

रविवार, ९ फेब्रुवारी

नवी पद्धत शोधली. पियानो एक नंबरला. तिथून मागे जाणारं बटण दाबलं की यादीच्या शेवटून फिरून येता येतं. जवळचा रस्ता. सरावात करून पाहिलं. एकच्या मागे एकशे अठ्ठावीस आहे, आणि तिथे बंदुकीचा बार आहे, हे तेव्हाच कळलं. बाईंच्या हातून माइक पडला. ड्रमर स्टुलामागे बसला. मी शांतपणे आणखी एकदा दाबलं. एकशे सत्तावीस म्हणजे टाळ्या.

थोडक्यात, आजच्या सरावात टाळ्या मिळाल्या.

चष्म्याचाही प्रश्न आहे. जवळचा लावला तर बाई दिसत नाहीत, लांबचा लावला तर आकडे दिसत नाहीत. मी बाईंकडे बघायचं ठरवलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

बायकोने कीबोर्डची पुस्तिका वाचून काढली. बारा वर्षं ती प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद होती. मी जपून ठेवली होती. ही म्हणते, समोरच्या आठ बटणांत आठ आवाज साठवून ठेवता येतात. एकात बासरी, दोनात पियानो, गाण्याच्या क्रमाने. मग एक बोट आणि एक बटण. तुम्ही इतकी वर्षं आकडे कशाला दाबत बसलात?

मी म्हटलं, मला ते माहीत होतं, पण खरा वादक आवाज डोक्यात ठेवतो. ही म्हणाली, डोक्यात ठेवलेलं किराणा सामानही तुम्ही निम्मंच आणता.

बटणांची कल्पना मलाच सुचत होती. तिने आधी बोलून दाखवली एवढंच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

घरी चार बटणं भरली. बासरी, पियानो, गिटार, पुन्हा पियानो. पुढची दोन सरावात भरली. ड्रमर टायरची गाडी उतरवायला गेला होता, म्हणून कीबोर्डमधलाच यांत्रिक ताल लावला. ताल एकदम उडता, पण वेळेवर येतो आणि टोमणे मारत नाही. बाईंचा घसा बसला होता, म्हणून एक बटण दाबून सगळा कीबोर्ड दोन सूर खाली आणला. बाई खूश. तसंच बसल्या बसल्या पाचात व्हायोलिनं भरली, सहात ऑर्गन. वेळ वाचवणं हाही गुणच.

घरी आल्यावर हिने पान एक्केचाळीस उघडून धरलं. म्हणे, साठवताना त्या क्षणी जे जे चालू असेल ते सगळं बटणात जातं. खाली आणलेला सूर, ताल, सगळं. तुमच्या पाच-सहात ते गेलं असेल, तपासा. मी म्हटलं, पुस्तिका सर्वसामान्यांसाठी लिहिलेली असते.

रविवार, १६ फेब्रुवारी

बाईंनी घसा जपायला निम्मंच गाणं घेतलं. एक ते चार बटणांत काम झालं. एकही थांबा नाही! ड्रमर म्हणाला, कोण वाजवतंय रे आज? बाई म्हणाल्या, छान. बाईंचं 'छान' म्हणजे दहापैकी दहा. वर्गातसुद्धा कुणाला देत नाहीत.

दंतवैद्याचं वाईट वाटलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज शेवटचा सराव, पूर्ण गाण्याचा. गेलो नाही. मोठ्या सामन्याआधी खेळाडू विश्रांती घेतात. बाईंना ऑफिसचं काम सांगितलं आणि केस कापून आलो. ही म्हणाली, निदान घरी एकदा पाच आणि सहा दाबून बघा. म्हटलं, बटणांनाही ताजंतवानं राहू दे.

शनिवार, २२ फेब्रुवारी, दुपारी ३

स्टेजमागे आहे. दंतवैद्य भेटायला आले. शुभेच्छा दिल्या. दात फारच पांढरे. माझ्या बटणांकडे बघून विचारलं, सगळी तपासलीत ना? मी नुसता हसलो. तोंड मिटून.

ही पहिल्या रांगेत बसली आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा आली.

रविवार, २३ फेब्रुवारी

वस्तुस्थिती लिहितो.

बासरीवरून पियानो: सुरेख. पियानोवरून गिटार: कुणाला कळलंच नाही. पुन्हा पियानोवर आलो, तेव्हा हिच्याकडे पाहिलं. ही पुढे सरकून ऐकत होती. तेवढ्या दोन ओळी मी खरोखर चांगल्या वाजवल्या. हे कुणी सांगायला नको, माझं मला कळलं.

मग पाच दाबलं. व्हायोलिनं आली, पण दोन सूर खाली. बाई समंजस, त्या माझ्याबरोबर खाली उतरल्या. बेसवाला वरच राहिला. त्याला बोलवायला बाई परत वर गेल्या, तोवर मी सहा दाबलं होतं. ऑर्गनबरोबर तो यांत्रिक ताल सुरू झाला. नदीचं गाणं संथ आहे. ड्रमरच्या काठ्या हवेत राहिल्या, आणि तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू त्याच्या दुकानासमोर कुणी दुसरं दुकान टाकलंय.

ताल बंद होईना. घाईत आकडे दाबले, एकशे सत्तावीस लागलं. टाळ्या सुरू झाल्या. इस्पितळाची माणसं सभ्य. गाणं संपलं समजून त्यांनीही वाजवल्या.

तेव्हा ही उठली, स्टेजच्या कडेला गेली आणि प्लग काढला.

बाकीच्यांनी गाणं पूर्ण केलं. टाळ्या भरपूर पडल्या, यावेळी सगळ्या माणसांच्या. म्हणजे कीबोर्ड नसतानाही गाणं उभं राहावं, इतका पक्का पाया मी घालून ठेवला होता. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी दार उघडताना ही फक्त म्हणाली, पान एक्केचाळीस.

बुधवार, २६ फेब्रुवारी

बँडची बैठक. मार्चपासून दंतवैद्य वाजवणार. पण मला काढलेलं नाही! त्यांनीच सुचवलं, की त्यांचे दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले असतात, तेव्हा शेजारी उभं राहून बटणं कुणी दाबली तर बरं. आणि बटणांचा क्रम माझाच ठेवणार. बाई म्हणाल्या, जमेल ना? ड्रमर म्हणाला, आठच आहेत, जमेल.

म्हणजे ध्वनी-बदल विभाग स्वतंत्र झाला आणि तो माझ्याकडे आला. वाजवणारे पुष्कळ मिळतात.

हिला सांगितलं. हिने कीबोर्ड पुढे ओढला आणि आठही बटणं तपासून दिली. पाच आणि सहा नव्याने भरली.

रविवार, २ मार्च

प्रमुख म्हणून पहिला सराव. सात वेळा वेळेवर दाबलं. एकदा उशीर झाला, कारण ऐकत राहिलो. बरा वाजवतो तो. हे वहीबाहेर जाऊ नये.

बुधवार, ५ मार्च

दंतवैद्यांनी आज पायाने आवाज बदलायचं पेडल आणलं.

दाबलं की पुढचा आवाज. हात लागत नाही, माणूस लागत नाही. दोनदा गाणं झालं, एकही थांबा नाही. मी शेजारी उभा होतो. बेसवाला हसला. मार्चचंही संपलं.

निघताना बाई म्हणाल्या, पेडलची वायर पायात येते, वाजवताना ती कुणीतरी बाजूला धरून बसेल का?

विचार करून सांगतो म्हटलं. लगेच हो म्हटलं की किंमत राहत नाही.