गुंडूला हरवायचं नाही

डोंबिवली, रविवार

प्रिय साकेत,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून उद्या तुझी आई तुझ्याकडे ठाण्याला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देते. सोबत अळूवड्या आहेत. आधी त्या खा, म्हणजे आत्याचं बोलणं पचेल. तुझ्या ऑफिसने या शुक्रवारी गुंडूचा चेहरा काढून टाकायचं ठरवलंय आणि तूही मान डोलावलीस, हे तिच्याकडूनच कळलं. वर्षभर खपून केलेलं काम असं टाकून देणारा मुलगा आमच्या घरात कधी जन्मला, याचा मी विचार करते आहे.

आठवतं ना, पहिल्या दिवशी शीळफाट्यावर टेम्पो अडकला होता आणि तू गुंडूला मांडीवर घेऊन भर दुपारी घामाघूम आमच्या शाळेत पोचलास. गुडघ्याएवढा रोबो, तोंडाच्या जागी काचेचा पडदा, त्यावर दोन डोळे नि भुवया. माझ्या दुसरीच्या वर्गाने त्याला बघताक्षणी आपलंसं केलं. बेरजेची कार्डं उलटायची, उत्तर आधी सांगेल त्याला गुण. गुंडू जिंकला की डोळे मिचकावतो, आणि हरला की भुवया खाली येतात, मान लवते, डोळ्यांत पाणी तरळतं. ते पाणी तू इतकं खरं केलंयस की त्या दिवशी मीच रुमाल घेऊन पुसायला गेले. शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना ऐकवलं, हे माझ्या भाच्याचं काम.

मग तुमचा अहवाल आला. गुंडूचा चेहरा बंद ठेवून खेळवलं की मुलं पटापट बरोबर उत्तरं देतात आणि चेहरा समोर आला की चुकतात, म्हणजे चेहऱ्यामुळे त्यांचं लक्ष उडतं. मला पटलं नव्हतं, तरी माझ्या वर्गात तेच दिसत होतं. झोपेतसुद्धा बेरीज करील अशी आमची सान्वी, तिला सात आणि पाच अकरा म्हणताना मी स्वतः ऐकलं होतं.

परवा मधल्या सुट्टीत उलगडा झाला. सान्वी आर्यनला दटावत होती, की गुंडू आज दोनदा रडलाय, आता तू चुकव. मी ओरडणार, तर तिने मलाच समजावलं, ‘बाई, तो नवीन आहे ना, कच्चा लिंबू आहे तो. त्याला आऊट नाय करायचं.’ साकेत, मी पायरीवर बसून इतकी हसले की शाळेच्या मावशी, कमळाबाई, पाणी घेऊन धावल्या. कुठलंही लहानगं खेळात आलं की त्याला कच्चा लिंबू करायचं, खेळू द्यायचं पण बाद धरायचं नाही. तुम्ही सगळे असेच खेळत वाढलात, आणि ऑफिसात एकालाही हे सुचू नये? मी लगेच तीच गणितं कागदावर घातली. सगळ्यांची बरोबर आली. बेरजा पक्क्या झाल्यात, फक्त गुंडूच्या तोंडावर उत्तर सांगायला त्यांचं मन धजत नाही.

तेव्हा चेहरा फसलेला नाही, जरा जास्तच जमलाय. मुख्याध्यापकांच्या सहीने तुमच्या ऑफिसला हे कळवलं आहेच, पण पत्राचं खरं कारण वेगळं आहे. गुंडूशी खरं खरं खेळाल का, असं मी मुलांना विचारलं, तर त्यांनी अट घातली. हरल्यावरही ‘चल, परत खेळू’ म्हणणारा एक नवा चेहरा त्याला हवा. कसा, ते एकेकाने करून दाखवलं आणि वर्गात नुसता धुडगूस झाला. मग सान्वीने विचारलं, हे चेहरे बनवणाऱ्या दादाला स्वतःला तसा चेहरा करता येतो का? मी ‘हो, येतो की’ म्हणाले, आणि मनात चरकले. तो अहवाल आल्यापासून महिनाभर तू दार लावून बसलायस, धड जेवत नाहीस, तुझी आई माझ्याकडे येऊन रडते. आम्हांला तुझी फार काळजी वाटते रे. गुरुवारी शाळेत ये आणि मुलांशी बेरजेचा डाव खेळ. तुला कोणीही मुद्दाम जिंकू देणार नाही, हे मी त्यांना बजावून ठेवलंय.

तुला हरवायला टपून बसलेली, तुझीच
नीलाआत्या