बाबांच्या साइटवरचं एक पान

६ मे
शाळेला सुट्टी लागली आणि हे काम गळ्यात पडलं. सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, संत्र्याच्या वेबसाइटचं. होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय, ३१ नंतर सगळं पुसलं जाणार. बॅकअपचं बटण दाबलं की नुसतं पांढरं पान येतं. दोनदा कळवलं, उत्तर नाही. म्हणजे हातानंच. पान उघडा, सेव्ह करा, फोटो वेगळे काढा, नाव द्या.
बाबांना सांगितलं. पेपरातून मान वर नाही. "काहून डोकं लावून राहिली वं? कोन वाचते आता ते?"

७ मे
सव्वीस पानं झाली. मान आखडली.
बाबा नरखेड तालुक्यात कृषी सहायक होते. रिटायर होऊन इथं शहरात, नंदनवन कॉलनीत आले तरी बागायतदारांचे फोन थांबेनात, म्हणून ही साइट. झाडाचा फोटो टाका, प्रश्न लिहा, बाबा उत्तर देणार. बहुतेक फोटोंत पानापेक्षा अंगठाच मोठा! एकानं लिहिलंय, "साहेब, फुलं येऊन राहिली पण टिकून नाही राहिली." बाबांचं उत्तर: "पाणी कधी तोडलं ते आधी सांग. खरं सांग."
एकटीच हसत बसले.

११ मे
कूलर बंद पडला. ओला टॉवेल मानेवर घेऊन काम.
बाबा आपणहून शेजारी येऊन बसले. भिंग लावून फोटो पाहिले. "हे जगलं. मी गेलतो पाहाले." माणसांची नावं विसरतात हल्ली, झाडं नाही. चहा तिथंच मागितला. बरं वाटलं.

१७ मे
एक पान सापडलं. शोभाताई म्हणून कुणी, नरखेडकडच्याच. पानं पिवळी पडून झाडं कोमेजताहेत, काय करू? बाबांचं उत्तर: "पाणी कमी पडत आहे. पाळ्या वाढवा."
त्याखाली चार महिन्यांनी त्यांचंच: "साहेब, पाळ्या वाढवल्या. मुळं सडली होती. बाग काढून टाकली."
पुढे काही नाही. त्यानंतर बाबांनी साइटवर एकही उत्तर दिलेलं नाही. आम्ही इतकी वर्षं समजत होतो, डोळ्यांमुळे बंद केलं.

१८ मे
चहाच्या वेळी त्यांनीच विचारलं, कुठवर आली? मी शोभाताईंचं नाव घेतलं. त्यांनी कप खाली ठेवला.
"ते राहू दे."
"राहू दे म्हणजे ठेवू की सोडू?"
"सोड." उठून गेले.
वहीतलं चुकलेलं पान फाडू नका म्हणून वर्गात रोज ओरडते मी. पण बाबा काही माझ्या वर्गात नाहीत.
दुपारी ते झोपले तेव्हा ते पान सेव्ह केलं. चोरी केल्यासारखं वाटलं.

२१ मे
ह्यांना सांगितलं. "आता कशाला उकरतेस? एकोणऐंशी वर्षांचे आहेत ते." खरं आहे. तरी.

२३ मे
राहवेना. बाबांना सांगून टाकलं, पान ठेवलंय, तुम्ही म्हणाल तर पुसते.
रागावले नाहीत. पेपराची घडी घातली. मग, "फोटोत मूळ दिसत नाही वं. जाऊन उकरून पाहाले पाहिजे होतं. नरखेड काय दूर आहे? मले कंटाळा आला होता त्या दिवशी. बस, इतकंच."
पाणी आणून दिलं.

२६ मे
सकाळीच हाक. "लिहून घे." त्या उत्तराखाली टाकायला सांगितलं:
"हे उत्तर चुकलं. कोमेजलेलं झाड दर वेळी तहानलेलंच असते असं नाही. आधी मूळ पाहा, मग पाणी द्या. चूक माझी, शोभाताईंची नाही."
"खाली माझं पूर्ण नाव टाक."
टाकलं. पान पुन्हा सेव्ह केलं. आता सगळी पानं लॅपटॉपवर आहेत, पेन ड्राइव्हवरही.
"बाईनं वाचलं असन का?" संध्याकाळपर्यंत तीनदा. नाही हो बाबा, तिथं आता कोण येतं?

२९ मे
शोभाताईंच्या प्रश्नाखाली नंबर होता. बाबांनी स्पीकरवर लावायला सांगितला. वाटलं, बंद असेल. बाईंनीच उचलला.
"कोन बोलून राहिले जी?"
फोन माझ्याकडे देतील वाटलं. दिला नाही. नाव सांगितलं. बाबा म्हणाले, "माह्यं चुकलं, बाई. तेव्हाच सांगाचं होतं."
मग त्या म्हणाल्या, "आता कापसाची पऱ्हाटी लावतो जी तिथं. पाहाचं असन तर या." आणि ठेवला.
"रागानं बोलली का वं?"
मलाही कळलं नाही. तसं सांगितलं.

३१ मे
साइट दुपारपर्यंत तरी उघडत होती. मग पाहिलं नाही.
बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. ह्यांचं म्हणणं, पाऊस पडू द्या, मग गाडीनं नेतो. मीही म्हटलं, बाबा, ऊन उतरू द्या थोडं.
"मी तुमाले विचारून राहिलो का? नरखेडची बस किती वाजता आहे ते पाह्य."