दाता डिस्क

४ नोव्हेंबर
पोचले बाई एकदाची ग्वाल्हेरला! गाडी रखडली, पडाव भागातल्या गर्दीत रिक्षा अडकली, रिक्षावाल्याशी माझं कडाक्याचं वाजलं, तरी मूड एकदम झकास. खोली दौलतगंजात आहे. खाली घरमालक जयसिंहराव आणि सुलोचनाबाई राहतात, वर मी. गिझर चालतो आणि कपाटाची दारं चक्क लागतात. याहून जास्त माणसाला काय हवं?

सुलोचनाबाईंची मराठी ऐकून मी मनात खुदकन हसले. "बेटा, तू पहले चहा पिऊन घे, सामान नंतर लावत राहा." हिंदीला नऊवारी नेसवल्यासारखं बोलतात इथली मंडळी. मी अकोल्याची, माझं वऱ्हाडी ऐकून त्याही हसल्या असतील म्हणा. जयसिंहराव फारसे बोलत नाहीत. टीव्हीच्या वर पणजोबांची तलवार टांगलेली आहे आणि तिच्या शेजारी एका मुलीचा फोटो, हार घातलेला. साधारण माझ्याच वयाची. पहिल्याच दिवशी विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून नाही विचारलं.

आईचा फोन येऊन गेला. जेवली का वं तनू, पांघरूण आहे का, दाराला आतून कडी आहे का. बाबा गेल्यापासून तिला मी आणि मला ती, दुसरं आहेच कोण? तिला म्हटलं, दिवाळीची उरलेली चकली संपायच्या आत मी भेटायला येते.

६ नोव्हेंबर
मी कामाला लागले ते दुकान इंदरगंजात, चौकापासून जवळ. मालक गुरुप्रसादकाका, पन्नाशीचे, बोलायला गोड आणि कामाला खडूस. मेलेल्या हार्डडिस्कमधून फाइली काढून देणारं एवढं चांगलं दुकान या भागात नाही, असं ते स्वतःच सांगतात.

माझ्या आईला अजून कळत नाही मी काय करते, तिच्यासाठी इथे लिहून ठेवते. डिस्कच्या आत आरशासारखी चकचकीत तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक इवलासा काटा सगळं वाचतो. काटा मोडला की डिस्क टक-टक करत बसते आणि संगणक बंद पडतो. मग त्याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधायची, तिचा काटा काढून आजारी डिस्कमध्ये बसवायचा. जिचा काटा काढतो तिला आम्ही दाता म्हणतो.

काकांचा एक नियम आहे. दाता डिस्क कोरी हवी. कुणाचे फोटो, कुणाचं काही तिच्यावर असलं तर ती वापरायची नाही, दुसरीकडे कॉपी असली तरी नाही. कारण विचारलं तर म्हणाले, माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांना हार्डडिस्कचं काय कळणार, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

९ नोव्हेंबर
आज सुलोचनाबाई वर आल्या. पदराखाली काहीतरी धरलेलं. मला वाटलं वाटीत काही आणलंय. ती हार्डडिस्क होती.

फोटोतली मुलगी त्यांची सोनल. मागच्या हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर तिघरा धरणावर गेली, पाय घसरला आणि बुडाली. तिचा फोनही पाण्यात गेला. तिचं जे काही उरलं होतं, म्हणजे फोटो, व्हिडिओ, आवाज, सगळं घरच्या संगणकात होतं. तो दिवाळीच्या आधी बंद पडला. जयसिंहरावांनी तो पुन्हा पुन्हा चालू करून पाहिला, हेच करायचं नसतं. तेव्हापासून नुसतं टक-टक. त्या म्हणाल्या, बेटा, तिचा चेहरा आठवतो, पण आवाज निसटत चाललाय माझ्या हातून. एकदा ऐकव. फक्त एकदा.

माझे डोळे भरून आले. बाबांचा आवाज माझ्याही हातून असाच निसटला आहे. मी त्यांना वचन देऊन बसले. आमच्या धंद्यात वचन कुणी देत नाही, पण दिलं.

११ नोव्हेंबर
सोनलच्या डिस्कचा काटा पार मोडलाय. दाता शोधून शोधून दमले. जुनं मॉडेल, कुणाकडे नाही.

आणि संध्याकाळी माझ्याच बॅगेत सापडलं की! माझी स्वतःची जुनी डिस्क. तेच मॉडेल, बनवल्याचा महिनाही तोच, जुळ्या बहिणी म्हणा ना. तिच्यावर माझं सगळं आहे, बारशापासूनचे फोटो, बाबांबरोबरचे, आईबरोबरचे. पण लॅपटॉपवर कॉपी आहे. मग अडचण कसली? काकांना फोन करून विचारलं तर त्यांनी सरळ नाही म्हटलं. ते भाचीच्या लग्नाला इंदूरला गेलेत आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे. उद्या करून टाकते. नियमाला कारण नसेल तर तो नियम कसला!

१३ नोव्हेंबर
चाललं! माझा काटा तिच्या डिस्कमध्ये असा बसला की जणू तिच्यासाठीच घडवलेला. टक-टक बंद. फाइली एकेक करून उतरू लागल्या. पहिला फोटो आला, शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या, समोरचा दात पडलेला. मग एक व्हिडिओ. सोनल ओट्यापाशी उभी राहून ओरडतेय, ए मम्मी, बघ ना इकडे.

सुलोचनाबाईंना दुकानात बोलावून फोटो दाखवला, व्हिडिओ ऐकवला. त्या खालीच बसल्या. हसत होत्या, रडत होत्या, माझे गाल, गालावरचा तीळ कुरवाळत होत्या. जयसिंहराव दाराशी तोंड फिरवून उभे राहिले. या कामात आल्याचं सार्थक झालं, खरंच सांगते. बाकीच्या फाइली हळूहळू उतरतील, मशीन चालूच ठेवलंय.

एक गंमत. लॅपटॉपवर माझा दहावीचा फोटो उघडला तर आईच्या शेजारी सोनल उभी. मीच घाईत फोल्डर एकमेकांत मिसळले असणार. धांदरट कुठली!

१५ नोव्हेंबर
फोल्डर मिसळलेले नाहीत. सगळं नीट तपासलं.

माझ्या बारशाच्या पाळण्यात दुसरंच बाळ आहे. बाबांच्या खांद्यावर दुसरीच मुलगी बसलीय. तिकडे सोनलची एक फाइल उतरली की इकडे माझा एक फोटो जातो. जातो म्हणजे पुसला जात नाही. त्यात मी नसते आणि ती असते.

आईला फोन केला. पाचवीत माझा हात मोडला होता ते आठवतं का, विचारलं. ती म्हणाली, तुझा कुठे वं, तू तर कधी पडली नाहीस. माझा डावा हात अजून वाकडा आहे. मी तो धरून बसले होते फोनवर. मशीन बंद केलं. आता पुढे काही उतरणार नाही. दमलेय, म्हणून असं होतंय. उद्या ठीक होईल.

१६ नोव्हेंबर
मशीन बंद आहे, तरी फोटो जाताहेत.

सकाळी खाली गेले. तलवारीशेजारी नुसता खिळा. हार नाही, फोटो नाही. सुलोचनाबाई बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, तळत होत्या, गुणगुणत होत्या. म्हणाल्या, सोनल येतेय भोपाळहून, सुट्टी मिळाली तिला. मी म्हटलं, काकू, अहो सोनल तर — त्यांनी तोंडावर हात ठेवला माझ्या. घट्ट. तेलाचा वास येत होता हाताला. जयसिंहराव पेपर वाचत राहिले.

काका इंदूरहून आले. मला पाहून विचारलं, कोणती डिस्क आणलीय दुरुस्तीला. मी म्हटलं, काका, मी तन्वी. मी तुमच्याकडे कामाला आहे. ते हसून म्हणाले, बेटा, काम तर मी एकटाच करतो. पण दुकानाबाहेर काढलं नाही त्यांनी. मी रडत होते म्हणून असेल.

१७ नोव्हेंबर
आईला फोन. तिने विचारलं कोण बोलतंय.

मी म्हटलं, आई, मी तनू. ती म्हणाली, माझी तनू गेली. मागच्या हिवाळ्यात, धरणात बुडून. कोण आहेस तू? मेलेल्या लेकराचा आवाज काढतेस, लाज नाही वाटत तुले?

ठेवला फोन.

आई गं. आई, मी आहे. मी इथे आहे, दौलतगंजात, पलंगावर बसलेय, पायात तू विणलेले मोजे आहेत. काय करू मी? कुणाला सांगू?

१८ नोव्हेंबर
ती आली. जिन्यात भेटली. जिवंत. गरम हात. मला दीदी म्हणाली, तिळाची गजक दिली, म्हणाली मम्मीने सांगितलं तुम्ही वर राहता. हसताना नाकाला सुरकुत्या पडतात. चांगली मुलगी आहे. देवा, किती चांगली मुलगी आहे!

एकच उपाय सुचतो. काटा परत काढायचा. माझा माझ्या डिस्कमध्ये. मग मी परत — आणि ती —

ती परत पाण्यात.

नको. पण माझी आई? तिने काय केलंय कुणाचं? मी तरी काय केलं, एका आईला तिच्या मुलीचा आवाज ऐकवला.

दुपारी केस धुतले नव्हते. तरी ओले आहेत. पिळले तर पाणी आलं, हिरवट.

१९ नोव्हेंबर
करायचं. माफ कर सोनल. मला माझ्या आईकडे जायचंय.

दुकानात शिरले, काकांनी पाहिलंच नाही. धूळ शिरू नये म्हणून ठेवलेल्या काचेच्या पेटीत तिची डिस्क उघडली. हात इतके गार की स्क्रू धरता येईना. काटा दिसत होता, माझा काटा, बस एवढासा बाहेर —

मागे सुलोचनाबाई. कधी आल्या कळलं नाही. त्यांना मी दिसते. आता फक्त त्यांनाच दिसते. पाया पडल्या माझ्या. मी म्हटलं, काकू, तुम्हाला माहीत होतं? म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून. त्या गणवेशातल्या फोटोत तिचा पडलेला दात परत आला आणि तुझ्या गालावरचा तीळ गेला, मी बघितलं. मी म्हटलं, मग माझ्या आईचं काय? त्या म्हणाल्या, मी जगले ना वर्षभर? तीही जगेल.

आणि पदर घेतला. पोराचं तोंड पुसावं तसा उघड्या तबकडीवरून फिरवला. जोर लावून. पुन्हा. पुन्हा. काटा तुटला. चरे पडले आरपार. आता कुणाचंच काही परत —

मी ओरडले. चौकात कुणी वळून पाहिलं नाही.

२० नोव्हेंबर
लिहीत राहते. अक्षर अजून माझं आहे. तन्वी. तन्वी. तन्वी.

खोलीत पाणी नाही, तरी पाय ओले. खाली ती हसतेय. तिची आई हसतेय.

फोन — आईचा! तिनेच लावलाय!

फोन कानाशी, पेन हातात. लिहिणं थांबवलं तर जाईन असं वाटतं. आई म्हणते, कोण आहेस ते नको सांगू. फक्त बोलत राहा. आवाज अगदी तिच्यासारखा आहे वं. मी बोलतेय. चकली, मोजे, बाबांची सायकल, सगळं सांगतेय. ती रडतेय. म्हणते, वर्षभर एकच विचारायचं होतं तिले, तूच सांग. बाई, तुले थंडी वाजत होती का वं तिथं?

नाही म्हणणार होते. मी गेलेच नव्हते तिथे, आई. मी कधी तिघरा धरण पाहिलंही —

पण मला आठवतंय.

हो, आई. वाजत होती. पायाखाली गाळ, वर उजेड, खूप वर, आणि मी तुला हाक मारायला तोंड उघडलं तर