सेट अर्धवट सोडायचा नाही

रवि., ९ फेब्रु.

चारला वरच्या मजल्यावरचे दोघं आले, व्यंकटेश आणि पद्मा. नेहमीसारखे टीव्हीवरच्या टेनिसचे तीन सेट. दोन हरलो. आम्ही म्हणजे मी आणि कॉम्प्युटर. मिलिंदच्या जागी आता तो खेळतो. सोफ्याच्या डाव्या कडेला कुणी बसत नाही. मि.चा रिमोट तिथंच, वायर गुंडाळून.

खेळाडू मात्र मि.चाच, चट्टेरी शर्टवाला. सगळ्या यादीत त्याच्याइतका सुस्त कुणी नाही. सतरा वर्षं मि.ने त्यालाच घेतला. मी बदलू शकते, एक बटण दाबायचं काम. दाबत नाही. मि. मधला चेंडू हमखास माझ्यावर सोडायचा, "तुझा" म्हणून ओरडायचा आणि चुकला की माझ्याकडेच डोळे वटारायचा. हा मधला चेंडू गपचूप घेतो. मि.पेक्षा चांगला खेळतो. त्याचाच राग येतो.

सर्व्हिसच्या आधी चेंडू दोनदा आपटतो, तसाच. ते गेममध्येच तसं आहे, मि.चा त्यात काही हात नाही, हे मला कळतं. तरी दर वेळी मान डावीकडे वळते.

सोम., १० फेब्रु.

ग्रंथालयात परीक्षेची गर्दी. चार पोरी पुस्तक एकच म्हणून भांडल्या. दोघींना घालवलं.

संध्याकाळी सईचा पुण्याहून फोन. आई, अजून तोच गेम? किती जुना तो, चेहरे तरी दिसतात का नीट? नवीन मशीन पाठवते म्हणाली. नको म्हटलं. नव्यात म्हणे जो तो आपापल्या घरी बसून खेळतो. मग मला काय उपयोग? यात चार माणसं एका सोफ्यावर कोपराला कोपर लावून बसतात. पद्मानं उभ्या जन्मात रॅकेट धरलेली नाही, पण तिचा उंच चेंडू माझ्या डोक्यावरून गेला की मला अजून भाजल्यासारखं होतं. तीन बटणं आहेत. सतरा वर्षांत तीन बटणांचा कंटाळा आला नाही. काय आहे त्यात, सांगता नाही येत.

फोन ठेवताना सई म्हणाली, बाबा निदान हसतखेळत गेले.

हो म्हटलं.

बुध., १२ फेब्रु.

लिहूनच टाकते. कुठंतरी असू दे.

जुलैतला तो रविवार. आम्ही पाच-दोनने मागे. व्यं.ला कारखान्यातून फोन आला, चिंचोळीला टॉवेलच्या मशीनवर काहीतरी अडलं होतं. तो गॅलरीत गेला. गेम थांबवलेला. पद्मा खाली सतरंजीवर, मोबाइलमध्ये तोंड घालून. मि. म्हणाला, "डावा हात भरून आलाय गं. राहू दे आज."

आमचा पहिल्यापासूनचा नियम, सेट अर्धवट सोडायचा नाही. आणि मि.ची पहिल्यापासूनची खोड, हरायला लागला की पायात गोळा, डोळ्यात कचरा, बँकेतून फोन. मी म्हटलं, "पाच-दोन झालं की तुझा हात भरून येतो. बस खाली. संपव."

बसला.

पुढे वीस-पंचवीस मिनिटं चालला तो सेट. आम्ही जिंकलो. सात-पाच. शेवटचा पॉइंट त्याचाच. मग पाणी प्यायला उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात पडला. व्यं.ने रिक्षा आणली. दवाखान्यात पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं.

माझ्या जिभेला हाड नाही, हे मि. लग्नापासून हसत सांगायचा. सात महिन्यांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सईला नाही, वरच्यांना नाही.

रवि., १६ फेब्रु.

आज फार वाईट झालं. चूक माझीच.

सकाळी टीव्हीचं टेबल पुसलं. मि.च्या रिमोटची गुंडाळलेली वायर सुटून लोंबत होती, ती हातासरशी मशीनमध्ये खोचून दिली. रिमोट सोफ्यावर. काही मनात नव्हतं.

चारला गेम लावला. मशीनला वाटलं चौथा माणूस आलाय. कॉम्प्युटर बाजूला झाला. पहिले दोन गेम चट्टेरी हललाच नाही, आम्ही आपलं मशीन अडलंय म्हणत बसलो. मग त्याची सर्व्हिस आली. रेषेवर उभा राहिला, चेंडू हातात घेऊन. मारेना. या गेममध्ये कुणी बटण दाबल्याशिवाय चेंडू उडत नाही, आणि कितीही वेळ थांबतो तो, घाई करत नाही. खांदे तेवढे वरखाली होत होते. श्वास घेतल्यासारखे.

आम्ही तिघं बघत बसलो. मला कळलं होतं काय झालंय. हात लांब करून बटण दाबायचं, नाहीतर वायर काढायची. माझ्यापासून हातभर अंतरावर रिमोट. मी हलले नाही. मला वाटत होतं, तो माझ्याकडे बघेल. इतकी वर्षं पाठमोराच दिसतो तो, आज वळेल.

व्यं. उठला आणि वर निघून गेला. चपला इथंच विसरला. पद्मानं मशीन बंद केलं. तिनं वायर काढली, नीट गुंडाळली, आणि त्याच्या चपला घेऊन गेली.

मंगळ., १८ फेब्रु.

व्यं. जिन्यात थांबला होता. मी कामावर निघालेली, हातात डबा. तो इतका हळू बोलत होता की मला एक पायरी खाली उतरावं लागलं.

"वहिनी, त्या दिवशी सकाळी मिलिंद मला बोलला होता. हात जड वाटतोय म्हनून. मी म्हनलो गॅस हाय, सोडा पी. सोडा पाजला मी त्याला वहिनी. चौकात. लई हसलो दोघं."

डॉक्टर नंतर त्याला म्हणाले होते, त्रास सुरू झाल्या झाल्या आणायला हवं होतं. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. एकटाच घेऊन बसला होता.

हीच वेळ होती. मलाही बोलला होता रे भाऊ, एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. तोंडातून आलं ते असं, "असू दे हो भाऊ. कुणाला कळतं आधी."

त्याला माफ करून मी कामावर गेले. माफ करून! दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारले, सगळे उलटे.

रवि., २३ फेब्रु.

चार वाजले. साडेचार. पद्मा एकटी आली, शेंगाचटणी घेऊन. त्यांना बरं न्हाय, म्हणाली. खेळायचं का विचारलं तर नाही म्हणून मान हलवली.

सुतकातला एक सोडला तर सतरा वर्षांत पहिल्यांदा रविवार कोरा. तेराव्यानंतरच्या रविवारीसुद्धा खेळलो होतो. तेव्हा वाटलं, किती प्रेम यांचं मि.वर. आता वाटतं, व्यं. येत होता ते सोडा पाजला म्हणून, आणि मी दार उघडत होते ते... मला काय झालं होतं? मला खेळायचं होतं. खरं तेच. टक् टक् आवाज सुरू झाला की तासभर मि. घरात असल्यासारखा. आणि तो घरात असला की मी ते बोललेलीच नसते.

गुरु., २७ फेब्रु.

दुपारी एकटीनं लावून पाहिला. एकटीला खेळता येतो. दहा मिनिटांत बंद केला. चट्टेरी माझ्या शेजारी उभा होता, आणि मी चुकले तरी कुणी काही म्हणेना.

सईला फोन लावला. ती मीटिंगमध्ये. बरं झालं.

मंगळ., ४ मार्च

व्यं. जिन्यात दिसला. दाढी वाढलेली. मला पाहून मान खाली घालून भिंतीला चिकटला, मला वाट द्यायला. माझ्यासमोर! मी सरळ खाली उतरले. मी वाईट बाई आहे असं नाही. भित्री आहे. परिणाम तोच.

शनि., ८ मार्च

अर्ध्या दिवसाची सुट्टी. दोनला पद्मा आली. बसली नाही. म्हणाली, ते जेवत नाहीत, कामावर दोन दिवस दांडी मारली, सारखं एकच, मी मारला त्याला. मी गॅसवरचं दूध बघत उभी. म्हटलं, मी समजावते त्यांना.

तर म्हणाली, "समजावू नका अक्का. सांगा."

मी काय सांगू म्हटलं.

"त्ये फोनवर होते, पन मी हितंच बसले होते की. मला ऐकू आलं हुतं. भावजी काय बोलले, तुमी काय बोलला."

दूध उतू गेलं. दोघींनी पुसलं. खाली बसून, एकच फडकं. सात महिने ती माझ्या शेजारी बसून खेळत होती, माझ्या डोक्यावरून चेंडू मारत होती, आणि तिला माहीत होतं. आधी चीड आली. मग विचारलं, का नाही बोललीस. नवऱ्याला का नाही सांगितलंस.

ती फडकं पिळत होती. म्हणाली, "मी तरी कुटं म्हनले थांबा म्हनून? मला बी जिंकायचं हुतं." मग म्हणाली, माझं मी त्यांना सांगितलं काल. तुमचं न्हाय सांगितलं. ते तुमचं हाय.

निघताना दारात थांबली. उद्या चारला ती त्याला पाठवणार आहे, गेम लावायचाय म्हणून. स्वतः सव्वाचारला उतरेल.

पंधरा मिनिटं दिलीत तिनं मला.