वन्सं, मी हॉटेलात का उतरले

गोरखपुर बाजार, जबलपूर
शुक्रवार, दुपार

ती. सौ. सुहासिनी वन्सं यांच्या चरणी वसुधाचा साष्टांग नमस्कार.

पत्र डब्यातून निघालं म्हणून दचकू नका. तुम्ही परवापासून माझा फोन उचलून नाही राहिल्या, आणि कुणाचा डबा रिकामा परत पाठवू नये, हे सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला शिकवलं होतं. हॉटेलात चहाबरोबर पुडीतली साखर मिळते, ती काय घालणार? म्हणून हे पत्र घालते आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? शहपुऱ्याची हवा मानवली का? (मानवली नसावी. धाकट्या जावेकडे तुम्ही आठवडाभर राहणार होत्या आणि मधूनच परत आल्या. ठरल्याप्रमाणे राहिल्या असत्या तर या पत्राची वेळच आली नसती. पण मी दोष देत नाही हो, फक्त सांगून राहिले.) तुमचे बंधू नागपुरात खुशाल आहेत. मी जबलपूरला तुमच्याकडे आले, एवढंच त्यांना माहीत आहे. राखीपौर्णिमा सोडून बहिणीला फोन करायचा नाही, ही त्यांची सवय जन्मात पहिल्यांदा माझ्या कामी आली.

वन्सं, काल तुम्ही तुमच्या यजमानांना पुढे केलं आणि भाऊजींच्या हाती निरोप धाडला की चिन्मयीच्या लग्नाला तुम्ही येणार नाही. माझ्या लेकीची तुम्ही एकुलती एक आत्या. पाळण्यात तिच्या कानात कुर्र तुम्ही केलं, नाव तुम्ही ठेवलं, आणि मांडवात तुम्हीच नाही? मी कोणाला तोंड दाखवू? म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. वाचा, आणि मग काय ती शिक्षा करा, पण लग्नाला न येण्याची सोडून.

झालं असं की चिन्मयीच्या होणाऱ्या सासरचे लोक भारी हौशी. संगीताच्या कार्यक्रमात व्याही आणि विहीणबाई जोडीनं साल्सा करणार आहेत म्हणे. मी आपलं सहज विचारलं, मग आम्ही काय करायचं? तर आपली पोट्टी म्हणते, ‘आई, तू समोर बसून टाळ्या वाजव, तुला नाही जमायचं.’ प्रेमानंच म्हणाली, पण मला ते लागलं. जन्मभर शाळेच्या गॅदरिंगमध्ये दुनियेच्या पोरींचे नाच मी बसवले, आणि आता माझ्याच लेकीच्या संगीतात मलाच बसवून ठेवता? तुमच्या बंधूंना विचारलं तर पेपर खाली न करता म्हणाले, ‘मी बँकेत होतो, सर्कशीत नाही.’ मग म्हटलं, थांबा, दाखवतेच.

नागपुरात शिकायची सोय नाही. तिथे रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे माझेच विद्यार्थी. तेवढ्यात फोनवर जबलपूरच्या बंटी सरांच्या साल्सा शिबिराची जाहिरात दिसली, आणि त्याच दिवशी तुम्ही शहपुऱ्याला निघाल्याचं कळलं. असे योग काय रोज येतात? गोरखपुर बाजारात कापडाच्या दुकानावर हॉल, समोरच हॉटेल. आले बाप्पा, एकटीच.

आता शिबिराचं काय सांगू. शिकायला सगळ्या बायकाच! जबलपूरचे पुरुष बायकोला स्कूटरवरून दारापर्यंत सोडतात आणि खाली पोहे-जिलेबी खात थांबतात. त्यामुळे वर निम्म्या बायकांना पुरुष व्हावं लागतं. मी उंच, म्हणून मी पुरुष. माझ्या जोडीला रेल्वेच्या ऑफिसातली दीप्ती नावाची गोड मुलगी. साल्सात म्हणे कुठे वळायचं ते पुरुषानं ठरवायचं आणि हाताच्या इशाऱ्यानं बाईला कळवायचं. अवो, आमच्या घरात फ्रीज कोणत्या भिंतीला लावायचा हेही मी कधी ठरवलं नाही! ती बिचारी विचारते, ‘दीदी, किधर?’ आणि मी म्हणते, ‘जिधर तुम्हें ठीक लगे.’ बंटी सरांनी कपाळाला हात लावला. ‘आंटीजी, कमर अलग, पैर अलग,’ असं ते सारखं ओरडत असतात. (पन्नाशीनंतर कंबर आपणहूनच वेगळी होते, तिला सांगावं लागत नाही. फक्त ती जिकडे जाते तिकडे साल्सा नसतो.) शेवटी मी एकदा हिंमत करून ठरवलं, डावीकडे! आणि आम्ही दोघी थेट भिंतीतल्या कपाटावर. दार उघडलं, आत पेटी आणि टाळ. तेव्हाच माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता की साल्सावाल्यांना टाळ काहून लागतात?

तो उजेड पाच वाजता पडला. माझं काही जमेना म्हणून बंटी सर स्वतः मला धरून शिकवत होते, आणि दार उघडून तुम्ही आत. मागे अख्खं भजनी मंडळ. माझ्या कमरेवर परक्या पुरुषाचा हात, माझा हात त्याच्या खांद्यावर, पदर खोचलेला, कपाळावरची टिकली घामानं नाकावर आलेली. मला वाटलं, धरणीमाय, आता पोटात घे. आणि वन्सं, तुम्ही विचारलं काय? ‘वसुधा, तू उतरली कुठं?’

मी म्हटलं, हॉटेलात.

त्या हाताबद्दल तुम्ही आजवर चकार शब्द काढलेला नाही. हॉटेल ऐकून मात्र तुमचा चेहरा पाहवेना. ‘माझं घर पडलं का?’ एवढंच म्हणाल्या आणि भजन न करता जिना उतरल्या. बंटी सरांना मराठी येत नाही, ते मागून आर्जवानं म्हणत होते, ‘आंटीजी, आप भी जॉइन कर लीजिए!’

तेव्हापासून दोन्ही वेळचा डबा येऊन राहिला. बोलणं बंद, डबा चालू. पिठलं, भरली वांगी, काल तर पुरणपोळी! इतक्या रागात पुरण इतकं मऊ कसं जमतं हो तुम्हाला? हॉटेलचा मॅनेजर हात जोडून विचारतो, मॅडम, हमारे किचन से कोई शिकायत?

खरं सांगू? तुमच्याकडे उतरते म्हटलं असतं तर तुम्ही शहपुऱ्याला न जाता माझे इतके लाड केले असते की मला उंबरा ओलांडून क्लासला जाता आलं नसतं. आणि मला चार दिवस कोणाची बायको, आई, भावजय, बाई काही व्हायचं नव्हतं. पहिल्या सकाळी उठले, कोणाला चहा विचारायचा नव्हता. मी गादीवर पडून एकटीच हसले. फार बरं वाटलं, वन्सं. आणि दुसऱ्या सकाळी तुमच्या हातच्या चहाची आठवण आली, तीही खरीच. घर तुमचं पडलेलं नाही. मीच जरा बाहेर पडले होते.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाला. लग्नाला या.

तुमची आज्ञाधारक (अलीकडे थोडी कमी) भावजय,
वसुधा

ता. क. भाऊजींना रागावू नका. दुपारचा डबा ते हॉलवर आणतात आणि रिकामा होईपर्यंत कोपऱ्यात बसतात. काल बंटी सरांनी ‘अंकलजी, एक जेंट्स कम है’ म्हणून त्यांना उठवलं. वन्सं, आपले विष्णुपंत भाऊजी नाचतात! फॅक्टरीत जन्म गेलेला, चार शब्द बोलायला चार तास घेणारा माणूस, त्यांनी मला गरकन फिरवलं आणि जशीच्या तशी जागेवर आणून ठेवली. तेव्हा खरी विनंती अशी की संगीताच्या दिवशी भाऊजी मला द्या.

दुसरा ता. क. तुम्ही येणार नसाल तर त्यांना एकट्याला पाठवा. सगळ्या नागपूरसमोर ते माझ्या कमरेवर हात ठेवून नाचतील, आणि यांची मंडळी कुठे आहे असं लोक विचारतील, त्याला माझा इलाज नाही. तुम्ही आल्या आणि त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, तर मात्र मी तुमच्या बंधूंना ओढते. मोठी बहीण नाचते म्हटल्यावर खुर्चीत बसून राहायची त्यांची काय बिशाद?

तिसरा, शेवटचा. हे मी मनचं लिहीत नाही. आत्ताच भाऊजी हळूच म्हणाले, ‘हिला एकदा नाचायला विचारावं असं लग्न झाल्यापासून मनात आहे. पण ती रागावली तर?’ मी म्हटलं, भाऊजी, रागावलेल्या तर त्या आहेतच. त्यातच विचारून मोकळे व्हा. ते समोरच उभे असतील. जरा वर बघा.